पान फुटले, पण मूळ कुठे?

कुरुंद्याच्या शिवारात नजरेत भरते ती केळी आणि हळद. वसमत तालुक्यातल्या या गावाचे नाव अंजिराशी कुणी जोडत नाही. अंजीर म्हटले की पुरंदर आठवते, आणि मराठवाड्यापुरते बोलायचे तर दौलताबाद. पण अंजिराचे झाड काही बागेतच असते असे नाही. विहिरीच्या कडेला, परसात, न्हाणीचे पाणी जाते त्या कोपऱ्यात एखादे झाड सहज वाढते. छाटणी झाली की त्याच्या फांद्या बांधावर पडतात, नाहीतर चुलीत जातात. त्या ढिगातली बोटाएवढ्या जाडीची प्रत्येक काडी एक झाड होऊ शकते, हे ठाऊक असलेले लोक चार-दोन काड्या काळ्या पिशवीत खोचून ठेवतात. पंधरा दिवसांत डोळा फुगतो, हिरवे पान उलगडते. घरात आनंद होतो. महिन्याभराने तेच पान माना टाकते आणि काडी खालून काळी पडते.

काही काड्या त्यातूनही तगतात. मग पावसाळ्यात लावायला नेल्या की पिशवी फाडताना माती ढासळते आणि पांढरी, काचेसारखी कडक मुळे कटकट मोडतात. अंजिराची कोवळी मुळे फार ठिसूळ असतात. वर्षभराची मेहनत त्या अर्ध्या मिनिटात जाते. मुळांना हात न लावता कुंडीसकट रोप जमिनीत ठेवायचे आणि कुंडी तिथेच कुजू द्यायची, हा यावरचा उपाय. कागदाची, काथ्याची, शेणाची किंवा केळीच्या खोडाची कुंडी त्यासाठी चालते. उपाय चांगला आहे. पण मराठवाड्याच्या उन्हात तो सरळ उचलून वापरला तर रोप वाचण्याऐवजी मरण्याचीच शक्यता जास्त. का, ते कळण्यासाठी आधी काडीच्या आत काय चालते ते पाहायला हवे.

काडीच का?

अंजिरात बिया भरपूर असतात, तरी बी पेरून अंजीर कुणी लावत नाही. आपल्याकडे लागवडीत असलेली अंजिरे परागीभवन न होताच पोसतात आणि अशा फळातल्या बिया बहुधा पोकळ निघतात. दुसऱ्या काही देशांत एक चिमुकली गांधीलमाशी फळात शिरून परागीभवन करते. तिथली बी रुजते, पण त्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात आणि त्यांची फळे खाण्याजोगी नसतात. उरलेली आईसारखी गोड निघतीलच असेही नाही. त्यामुळे चांगल्या झाडाची नक्कल करायची तर काडी लावणे किंवा गुटी बांधणे, हेच मार्ग उरतात. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली झाडे एकसारखी फळे देतात याचे एक कारण म्हणजे ती पिढ्यान्‌पिढ्या काडीने नाहीतर गुटीने वाढत आली आहेत.

ही युक्ती किती जुनी आहे? जेरिकोच्या उत्तरेला गिलगाल नावाच्या प्राचीन वस्तीत जळून कोळसा झालेली नऊ अंजिरे सापडली. 2006 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधकांनी त्यांचे वय सुमारे 11,400 वर्षे असल्याचे आणि ती परागीभवनाशिवाय पोसलेली असल्याचे मांडले. अशी फळे देणारे झाड माणसाने फांदी लावूनच टिकवले असणार, म्हणजे गहू-बार्लीच्या शेतीआधीच अंजिराची लागवड सुरू झाली असणार, असा त्यांचा तर्क होता. तो सर्वांना पटला नाही; असे झाड रानातही आपोआप उगवू शकते, असे आक्षेपकांचे म्हणणे पडले. वाद काहीही असो, अंजिराची फांदी मातीत खोचली तर जगते, हे माणसाला फार लवकर उमगले असावे.

आपल्याला त्याचे नवल वाटू नये. अंजीर हे वड, पिंपळ आणि उंबराच्या कुळातले. वडाच्या पारंब्या म्हणजे फांदीला फुटलेली मुळेच. जिथे मूळ अपेक्षित नाही तिथे मूळ फोडण्याची ही ताकद अंजिरातही आहे, फक्त तिला जखम आणि ओल लागते.

फांदी कापली की काय होते? शेंड्याकडे आणि कळ्यांमध्ये तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक फांदीतून खाली वाहत असते. कापल्यावर त्याची वाट संपते आणि ते खालच्या टोकाशी साचते. सालीच्या आतल्या थरातल्या काही पेशी त्या इशाऱ्यावर आपले जुने काम सोडून मुळाच्या पेशी बनू लागतात. ऑक्झिनचा पुरावा 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्समध्ये फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांवर प्रयोग करून दिला. 1935 मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्प्सन संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक ॲसिड मुळे फोडण्यास उपयोगी असल्याचे दाखवले. कृषी सेवा केंद्रात मुळे फुटण्याची पावडर म्हणून आज जी छोटी डबी मिळते, तिच्यात बहुधा हेच आयबीए असते. अंजिराला त्याची सक्ती नाही. पण लावले तर मुळे लवकर आणि जास्त येतात. काडी उलटी खोचली तर मात्र पावडर काही करू शकत नाही. फांदीला वर-खाली कळते आणि ते ती विसरत नाही.

आता त्या फसव्या पानाकडे. काडीच्या लाकडात स्टार्चचा साठा असतो. डोळा फुटायला तेवढा साठा आणि थोडी ऊब पुरते, मुळाची गरज नसते. त्यामुळे पान आधी येते आणि मूळ मागून. मधले दोन-तीन आठवडे हा खरा धोक्याचा काळ. पान बाष्पाने पाणी उडवत असते आणि खाली पाणी ओढणारे काहीच नसते. पान मलूल दिसले की माणूस पाणी घालतो. मूळ नसलेली काडी त्या पाण्यात कुजते. पान आले म्हणजे काडी लागली, हा समज जितक्या काड्या मारतो तितक्या उन्हाने मरत नसतील. कापलेल्या टोकाला पांढरट फुगीर गाठी दिसतात, त्याही मुळे नव्हेत. ती जखम भरून येण्याची खूण आहे. खरी मुळे बहुतेक वेळा डोळ्याच्या आसपास, साल फोडून बाहेर येतात.

म्हणूनच बरेच जण काडी थेट कुंडीत लावत नाहीत. ओलसर, पण पिळल्यावर पाणी न निथळणाऱ्या वर्तमानपत्रात काड्या गुंडाळायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि घरातल्या सावलीच्या, फार गार नसलेल्या जागी ठेवायच्या. दर चार-पाच दिवसांनी उघडून बुरशी आली का ते पाहायचे. पंचवीस अंशांच्या आसपास तापमान असेल तर दोन ते चार आठवड्यांत मुळांचे पांढरे ठिपके दिसतात. तेव्हाच काडी कुंडीत जाते. यात पान आधी फुटण्याची आणि त्यामुळे फसण्याची भानगड कमी होते.

चीक आणि ऊन

काडी कापताना एक गोष्ट सांभाळायलाच हवी. अंजिराच्या फांदीतून निघणारा पांढरा चीक हातावर चिकचिकतो, एवढेच बहुतेकांना माहीत असते. या चिकात आणि पानांच्या रसात सोरालेन गटातली द्रव्ये असतात. ती कातडीला लागली आणि त्यावर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होते. गंमत म्हणजे लगेच काही जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी लाल चट्टे उठतात, आग होते, कधी पाण्याचे फोड येतात, आणि बरे झाल्यावरही काळपट डाग अनेक आठवडे, कधी महिनोन्‌महिने राहतो. मधल्या काळामुळे अंजिराचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. नागीण झाली, किडा चावला, असे समजून भलतेच उपचार सुरू होतात. हा त्रास संसर्गजन्य नाही आणि त्याला ॲलर्जी असावीच लागते असेही नाही. पुरेसा चीक आणि पुरेसे ऊन मिळाले तर तो कुणालाही होऊ शकतो. चामखीळ जाण्यासाठी अंजिराचा चीक लावण्याचा जुना घरगुती उपाय या कारणाने अंगाशी येतो, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत.

तेव्हा छाटणी संध्याकाळी करावी, लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालावेत, चीक लागलाच तर साबणाने लगेच धुवावा आणि तो भाग दोन दिवस उन्हापासून झाकावा. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. फोड आले तर ते फोडू नयेत. पिकलेल्या फळाच्या गराबाबत ही भीती नाही, ते खुशाल खावे.

कुंडी म्हणजे माठ

कुजणाऱ्या कुंडीची भिंत सच्छिद्र असते. तिचे सगळे गुण आणि सगळे दोष यातूनच येतात. भिंतीतून हवा आत जाते. मूळ भिंतीपर्यंत पोचले की त्याचे टोक कोरड्या हवेत सुकते आणि मागून नवी उपमुळे फुटतात. प्लास्टिकच्या पिशवीत मूळ भिंतीला धडकून गोल-गोल फिरत राहते. झाड मोठे झाल्यावर हीच वेटोळी त्याचा गळा आवळतात. शिवाय काळी पिशवी उन्हात तापते, तर ओल्या भिंतीतून पाणी उडून जात असल्याने कुजणारी कुंडी गार राहते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने.

पण माठ रोज भरावा लागतो. मार्च ते मेच्या कोरड्या वाऱ्यात छोट्या कागदी कुंडीतले पाणी दुपारपर्यंत संपलेले असते. पिशवीला दोन-तीन दिवसांनी पाणी द्यायची सवय असलेल्याची रोपे या कुंडीत दोन दिवसांत वाळतात, आणि दोष कुंडीला लागतो. उपाय अवघड नाही. कुंड्या एकेकट्या न ठेवता क्रेटमध्ये दाटीने बसवाव्यात, मध्ये ओला भुसा किंवा गोणपाट भरावे आणि वर शेडनेट असावे. हवेने मुळे छाटली जाण्याचा फायदा यात थोडा कमी होतो, पण उन्हाळ्यात रोप जगणे महत्त्वाचे. पाणी द्यायचे की नाही हे वरच्या मातीकडे बघून ठरवू नये. कुंडी उचलून पाहावी. हलकी लागली तर पाणी, जड असेल तर थांबावे. दोन-चार दिवसांत हाताला अंदाज येतो.

भिंतीवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. ती मेलेल्या काथ्यावर आणि कागदावर जगते, काडीवर नाही. कुंडी कुजायला लागली याचीच ती खूण. पाने पिवळी पडू लागली तर मात्र लक्ष द्यावे. कागद आणि धागा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्र लागते आणि ते आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात. मुळे धरल्यानंतर लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम 19:19:19 विरघळवून आठवड्याला एकदा दिले तर ही तूट भरून निघते. मूळ नसलेल्या काडीला खत देणे म्हणजे शुद्ध नासाडी.

कुंडी कशाची असावी? वर्तमानपत्राची सर्वांत स्वस्त, पण दीड-दोन महिन्यांत ढिली पडते. अंजिरासाठी तीन-चार पदर तरी हवेत. गुळगुळीत, चकचकीत कागद नको. काथ्याची टिकाऊ, पण वापरण्याआधी दोनदा पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यावे, कारण काथ्यात क्षार असतात. शेणाची कुंडी पूर्ण वाळलेली आणि मुरलेली असावी, ओले शेण कोवळे मूळ जाळते.

आणि कुरुंद्यात उघडच केळी आहे. घड काढल्यावर उभे राहिलेले खोड शेतकऱ्याला अडचण वाटते. ते तोडायला मजुरी, वाहायला मजुरी. नवसारी कृषी विद्यापीठाने याच खोडापासून धागा, कागद आणि रसापासून द्रवखत करण्याचे तंत्र बसवले आहे. कुंडीसाठी एवढ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. ताज्या खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणून त्याचे पापुद्रे सावलीत वाळवून घ्यावे लागतात. ओलेच वापरले तर आक्रसून कुंडी वेडीवाकडी होते. वाळलेल्या दोन पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या आडव्या-उभ्या ठेवायच्या, डब्याभोवती वळवून सुतळीने बांधायच्या आणि आतून वर्तमानपत्राचा एक पदर द्यायचा.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. पनामा मर रोगाने गेलेल्या बागेतले खोड कुंडीला अजिबात वापरू नये. या रोगाची बुरशी अंजिराला काही करत नाही, त्यामुळे रोप ठणठणीत दिसेल. पण तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे, दशकेसुद्धा, जिवंत राहतात. अशी कुंडी दुसऱ्या गावच्या केळीच्या शेताच्या बांधावर लावली तर अंजिराच्या रोपाबरोबर केळीचे मरणही तिथे पोचेल. खोड कापल्यावर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसल्या तर ते खोड बाजूला ठेवावे.

मातीचेही तसेच. कुंडी भरायला हाताशी असते ती केळीच्या नाहीतर हळदीच्या रानातली माती, आणि या दोन्ही पिकांच्या मुळांवर सूत्रकृमी पोसतात. मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी अंजिराचाही जुना वैरी आहे. कुंडीतच त्याची लागण झाली तर ती रोपाबरोबर आयुष्यभर जाते. त्यापेक्षा कोकोपीट, धुतलेली वाळू आणि मुरलेले कंपोस्ट समप्रमाणात घ्यावे. शेतातलीच माती घ्यायची असेल तर एप्रिल-मेमध्ये ती ओली करून पारदर्शक पॉलिथीनखाली चार-सहा आठवडे तापवावी. प्लास्टिक टाळण्याच्या खटाटोपात इथे प्लास्टिक वापरावे लागते, हे खरे. पण एक कापड नीट ठेवले तर अनेक वर्षे पुरते.

बाजारात आणखी एक पर्याय दिसतो, ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या रोपांच्या पिशव्या. महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आणली तेव्हा रोपवाटिका आणि फलोत्पादनासाठीच्या अशा पिशव्यांना सूट दिली होती. पण या पिशव्यांची प्रयोगशाळेतली कसोटी साधारण 58 अंशांवर तापलेल्या कंपोस्टमध्ये घेतली जाते. शेतातली माती इतकी आणि इतके दिवस तापत नाही. त्यामुळे अशी पिशवी न फाडता पुरली तर मुळे आतच अडकून राहू शकतात. ती फाडून काढावी आणि तापलेल्या कंपोस्ट खड्ड्यात टाकावी. न फाडता पुरायची कुंडी म्हणजे कागद, काथ्या, शेण, केळी एवढीच.

जमिनीत जाताना

काड्या घ्यायला थंडी ओसरण्याचा काळ बरा. गेल्या हंगामातले पक्व, राखट सालीचे लाकूड निवडावे. शेंड्याचे हिरवे नको, जुने जाड नको. वीत-सव्वा वीत लांबी आणि तीन-चार डोळे पुरेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा, वरचा तिरपा, म्हणजे उलटी लावायची चूक होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत धरलेली काडी जून-जुलैत लावायला तयार होते.

भिंतीतून पांढरी मुळे डोकावू लागली की वेळ झाली. लावण्याआधी कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात बुडवावी. सुकी कुंडी काळ्या मातीत ठेवली तर भोवतालची माती कुंडीतले पाणी ओढून घेते आणि मुळे पाण्याच्या मध्यावर तहानलेली राहतात. तळाला ब्लेडने अधिकचे चिन्ह काढावे. सर्वांत जास्त रोपे मरतात ती कुंडीच्या काठामुळे. काठ जमिनीच्या वर राहिला तर तो दिव्याच्या वातीसारखा खालचे पाणी वर ओढून हवेत उडवत राहतो. काठ कापून टाकावा, नाहीतर दोन-तीन बोटे माती वर येईल असा पुरावा.

काळ्या रानात खड्ड्याची माती सुकताना भेगाळते आणि कुंडीपासून सुटते. मध्ये पोकळी राहिली की मुळे तिथेच सुकतात. म्हणून खड्ड्याच्या मातीत वाळू किंवा मुरूम आणि कंपोस्ट मिसळावे, आणि झाड थोड्या उंचवट्यावर लावावे. अंजीर पाण्याचा ताण सोसते, मुळांशी तुंबलेले पाणी सोसत नाही. जुलै 2022 मध्ये आसना नदीच्या पुराचे पाणी कुरुंदा गावात शिरले होते. अशा शिवारात जागा निवडताना उतार बघावाच लागतो.

एवढे करून दोन महिन्यांनी काडी मेलेली दिसली तरी ती लगेच उपटू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर काडी जिवंत आहे, तिला आणखी वेळ द्यावा. तपकिरी आणि कोरडे दिसले तर एक बोट खाली पुन्हा खरवडून पाहावे. कधी वरचे दोन डोळे जातात आणि मातीत गाडलेला तिसरा डोळा पहिल्या पावसानंतर वर येतो.